गाठ बादलीत टाकू नका: पशुसंगोपन खात्याचे साहेब आणि आमच्या भागातले जनावरांचे डॉक्टर यांना खुलं पत्र

नमस्कार साहेब, नमस्कार डॉक्टर,

मी कर्नाटकातल्या निपाणीजवळच्या एका गावात पिठाची गिरण चालवते. गेल्या महिन्यात माझ्या अर्जाला उत्तर आलं, दीड ओळीचं. कुत्र्यांच्या कॅन्सर तपासणीसाठी वेगळी तरतूद नाही, कुत्रा पशुधनात मोडत नाही, सबब अर्ज निकाली काढला आहे. खाली सही, शिक्का. मी त्याआधी दोनदा स्वतः जाऊन आले होते, तिथले क्लार्क माणूस म्हणून चांगले, बसा म्हणाले, पाणी दिलं, आणि मग हात हलवून "बजेट इल्ल री, अक्का", म्हणजे पैसे नाहीत. हे उत्तर घडी करून डब्यात ठेवून गप्प बसायचं मला जमलं नाही म्हणून हे उघड लिहितेय.

पहिल्यांदा तेवढं पशुधनाचं बोलूया. २०१९ ला विसावी पशुगणना झाली त्यात भटकी कुत्रीसुद्धा मोजली की तुम्ही, पाळलेली पण मोजली. मोजायच्या वेळी कुत्रं जनावर आणि आजारी पडलं की ते कुणाचंच नाही, हे गणित मला कळत नाही, आणि माझा धंदाच वजन-मापाचा आहे.

आता माझं काय अडलंय ते सांगते. आमच्याकडं ब्रूनो होता, लॅब्राडोर, भाच्यानं पुण्याहून आणून सोडलेला, फ्लॅटमध्ये राहात नाही म्हणून. आई त्याला बुरण्या म्हणायची. समोरच्या कन्नड घरातली पोरं "बा इल्ली" म्हणाली तरी जायचा आणि मी "ये रं" म्हटलं तरी यायचा, दोन्हीकडं भाकरी मिळते म्हटल्यावर कोण कशाला भाषेत अडकेल. दळणाच्या रांगेत बायकांच्या पिशव्या हुंगत बसायचा, अंगावर कायम पीठ.

दिवाळी झाल्यावर त्याच्या मागच्या उजव्या मांडीवर बोराएवढी गाठ लागली हाताला. गंमत म्हणजे ती गाठ सकाळी बोराएवढी असायची आणि संध्याकाळी लिंबाएवढी, लालबुंद, परत दुसऱ्या दिवशी बसलेली. आई म्हणाली, "आगं वारं धरलंय, एरंडेल चोळलं की बसंल." आणि आम्ही चोळलं. रोज संध्याकाळी, टीव्ही बघत बघत, दोन आठवडे. नंतर मला कळलं की मास्ट सेल ट्यूमर नावाची जी कातडीतल्या कॅन्सरची गाठ असते तिच्या पेशींत हिस्टामिनच्या, म्हणजे सूज आणणाऱ्या रसायनाच्या, पुड्या भरलेल्या असतात, दाबलं चोळलं की त्या फुटतात आणि गाठ फुगते, म्हणजे ही लहान-मोठी होणारी गाठ स्वतःच ओरडून सांगत होती मी कोण ते. आम्हाला कळलं नाही, आम्ही गिरणवाले. पण डॉक्टरांना दाखवलं तेव्हा त्यांनी बोटानं दाबून बघितलं आणि म्हणाले चरबीची गाठ आहे, या वयात लॅब्राडोरला येतातच. सुई मारून आतल्या पेशी काढून बघितल्या नाहीत. बावीस गेजची साधी सुई, एक काच, थोडा रंग, दहा मिनिटं.

महाशिवरात्रीच्या सुमाराला गाठ वाढली म्हणून कापली. टेबलाखाली निळी बादली होती, कापूस, हातमोजे असलं काय काय टाकलेलं, त्यात ती गाठ पडली. पडल्याचा आवाज आला मला. मी विचारलं, तपासायला पाठवायची नाही का? "कुत्र्याच्या गाठी कोण तपासतंय बाई, काढली की झालं." राग नाही माझा त्यांच्यावर, त्या दिवशी बाहेर चार म्हशी आणि एक शेळी थांबली होती, एका माणसानं किती बघायचं. पण या पत्राची सगळी गोष्ट त्या बादलीतच आहे.

मे महिन्यात टाक्यांच्या शेजारी दुसरी गाठ आणि जांघेत गोळा. दुसऱ्या एका डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी आधी सुई मारली, काच रंगवून मला सूक्ष्मदर्शकातून बघायला सुद्धा लावलं. गोल गोल पेशी, आत जांभळे ठिपके गच्च भरलेले, नाचणीच्या पिठात काळी मोहरी सांडल्यासारखे. मग तुकडा काढला. आता तो टिकवायला फॉर्मालिनची बाटली कुठं आहे? नाही. औषधाच्या दुकानात नाही. शेवटी एका ओळखीच्या पोरानं कॉलेजमधून आणून दिलं आणि मी लोणच्याची बरणी धुऊन त्यात तो तुकडा घातला, पिशवीत गुंडाळून मांडीवर घेऊन कोल्हापूरच्या एसटीत बसले. कोगनोळी नाका ओलांडल्यावर कंडक्टर म्हणाला, "काय मावशी, लेकीला लोणचं काय?" मी हो म्हटलं. काय सांगायचं त्याला.

कोल्हापुरातून तो तुकडा पुढं कुरिअरनं लांबच्या लॅबला गेला. आधी हिस्टोपॅथॉलॉजी, म्हणजे तुकड्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघणं; हाय ग्रेड, म्हणजे जोरात वाढणारी. मग वेगळे पैसे भरून सी-किट जीनची टेस्ट. तो रिपोर्ट यायला चोवीस दिवस लागले. त्या मधल्या काळात स्टेरॉइड, पोटाची गोळी, मग काळी शी सुरू झाली, म्हणजे पोटात रक्त. ब्रूनो गेला एकोणिसाव्या दिवशी, पहाटे, गिरणीच्या पायरीवर. रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा त्याला जाऊन पाच दिवस झाले होते. एक्झॉन ११ मध्ये डुप्लिकेशन, पॉझिटिव्ह.

हे पॉझिटिव्ह म्हणजे काय ते मला माझ्या भाचीनं समजावलं, ती मायक्रोबायोलॉजी शिकते. किट हे पेशीवरचं एक बटण आहे, बाहेरून निरोप आला की चालू, नाहीतर बंद. त्या जीनच्या ११ नंबरच्या भागातला (एक्झॉन म्हणजे असा भाग) एक तुकडा काही गाठींत दोनदा छापला जातो आणि बटण चालूच अडकतं, जसं आमच्या गिरणीचा स्टार्टर अडकला की धान्य संपलं तरी जातं फिरतच राहतं. आणि हे अडकलेलं बटण बंद करणारी औषधं आहेत. टोसेरॅनिब नावाचं औषध २००९ मध्ये अमेरिकेत खास कुत्र्यांच्या याच गाठीसाठी मंजूर झालं, त्याच्या चाचणीत ज्यांच्या गाठीत हा बिघाड होता त्या कुत्र्यांपैकी ६९ टक्क्यांना फरक पडला आणि ज्यांच्यात नव्हता त्यांच्यापैकी ३७ टक्क्यांना. आपल्या गावात ते परदेशी औषध कुठं मिळणार म्हणाल, तर इमॅटिनिब बघा. माणसाच्या ब्लड कॅन्सरची गोळी. सुप्रीम कोर्टानं १ एप्रिल २०१३ ला तिचं नवं पेटंट नाकारलं आणि स्वस्त जेनेरिक गोळी आपल्याकडं टिकली. जपानमध्ये २००८ साली २१ कुत्र्यांवर हीच गोळी वापरली, त्यात एक्झॉन ११ चं डुप्लिकेशन असलेली पाच होती, पाचही कुत्र्यांची गाठ आक्रसली.

म्हणून ब्रूनो वाचला असता असं मी म्हणत नाही. हाय ग्रेड होती, जांघेत पसरली होती, या औषधांनी बऱ्याचदा काही महिनेच मिळतात आणि गाठ परत उठते. कुणी हे वाचून घरात कुत्र्याला माणसाची गोळी देऊ पण नका, डोस वजनावर असतो, लिव्हर बघावं लागतं. मी एवढंच म्हणते की शिवरात्रीला बादलीत जे पडलं त्यातच हे उत्तर होतं, आणि तेव्हा जांघ साफ होती.

आता तक्रारी, एकेक.

पहिली तर ती सुई आणि बादली, ते वर झालंच.

दुसरी, तपासायच्या आधी स्टेरॉइड. कुत्र्याच्या गळ्याखाली, गुडघ्यामागं गोळे आले की आमच्या भागात सरसकट एक इंजेक्शन. त्यात गोळे बसतात, मालक खूश. पण लिम्फोमा, म्हणजे त्या गोळ्यांतल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, असेल तर स्टेरॉइडनं चित्र पुसट होतं आणि पुढच्या केमोला तो कॅन्सर दाद देईनासा होतो. बरं, आपल्याकडं गोचीड ताप इतका की गोळे त्यानं पण येतात. दोन्हीतला फरक सुईच्या काचेवर कळला नाही तर पार नावाची टेस्ट आहे, ती बघते की या सगळ्या पेशी एकाच पेशीची पिलावळ आहेत की वेगवेगळ्या. गोचीड तापात ती कधीकधी फसवते, म्हणून तापाची तपासणी सोबत करायचीच. आणि लिम्फोमा बी-सेलचा की टी-सेलचा हे कळलं तर मालकाला सांगता येतं की किती दिवस हातात आहेत. टी-सेलचा बहुतेकदा वाईट. हे सांगणं पण औषधच आहे की हो, मी किती कर्ज काढायचं ते मला ठरवायला.

तिसरी, लघवीतलं रक्त. बेळगाव कॅम्पात आमच्या ओळखीचे एक रिटायर्ड सुभेदार आहेत, त्यांची बीगल, अकरा वर्षांची. उन्हाळी लागलीय म्हणून चार वेळा अँटिबायोटिक. पाचव्या वेळी सोनोग्राफीत मूत्राशयात गाठ. कुत्र्यांच्या या कॅन्सरमध्ये दहातल्या आठांना तरी बीआरएएफ जीनमध्ये एकच ठराविक बदल असतो, हे २०१५ पासून माहीत आहे, आणि तो बदल लघवीत सापडतो. कापायचं नाही, टोचायचं नाही, फिरायला नेल्यावर वाडग्यात धरलेली लघवी चालते. इथं तर सुई मारूच नये म्हणतात, सुईच्या वाटेनं कॅन्सर पसरू शकतो. टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं नाही, उरलेल्या दोघांत तो बदल नसतोच. पण पॉझिटिव्ह आली तर चार महिने अँटिबायोटिक खाणं तरी थांबतं. सुभेदार काकांना हे कुणी सांगितलंच नाही, मी सांगितलं, पीठ घ्यायला आले होते तेव्हा.

चौथी तक्रार रस्त्यावरच्या कुत्र्यांची, आणि ती करायला मालक नाही म्हणून मी करते. मागच्या बाजूनं रक्त टिपकणारी, फुलकोबीसारखी गाठ लोंबणारी कुत्री तुम्ही सगळ्यांनी बघितलीत, बसस्टँडमागं, मटण मार्केटात. लोक दगड मारतात, रोगट म्हणून. हा कॅन्सर कुत्र्याकडून कुत्र्याला लागतो, जंतूमुळं नाही, कॅन्सरची पेशीच एका अंगातून दुसऱ्या अंगात जाऊन रुजते. नोव्हिन्स्की नावाच्या रशियन पशुवैद्यानं १८७६ मध्ये हे करून दाखवलं. आणि आता जीन वाचल्यावर कळलंय की जगातल्या सगळ्या कुत्र्यांमधली ही गाठ हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याची आहे, ते कुत्रं कधीच मेलं आणि त्याची गाठ अजून आपल्या निपाणी स्टँडवर फिरतेय. एवढी जुनी आणि तरी सगळ्यात सोपी, व्हिन्क्रिस्टिनचं इंजेक्शन आठवड्याला एक, बहुतेक कुत्री चार ते सहा आठवड्यांत साफ बरी होतात. औषध महाग नाही. शिरेबाहेर सांडलं तर मांस जाळतं एवढी काळजी. गाठ नाकात, तोंडात, डोळ्यात असली आणि ओळखू आली नाही तर मिक (MYC) जीनजवळच्या एका खुणेवरून पीसीआरनं पक्की करता येते. नसबंदीसाठी कुत्री पकडता तेव्हा ती टेबलावर झोपलेलीच असतात की, बघा, लिहून ठेवा, इंजेक्शन सुरू करा. कान कापून खूण करता आणि गाठ तशीच ठेवून सोडून देता, हे कसं.

पाचवी तक्रार तुमच्यावर नाही खरं तर, बाजारावर आहे, पण लक्ष तुम्हीच द्यायचं. ऑनलाइन डीएनए किट मिळतात, गालाच्या आतनं बोळा फिरवून पाठवायचा, आणि लोकांना वाटतं आपण कॅन्सरची टेस्ट केली. ती टेस्ट जन्मजात काय आलंय ते सांगते, कुठली जात, आईबापाकडनं कुठला दोष. जर्मन शेफर्डमध्ये किडनीच्या कॅन्सरचा एक जन्मजात बिघाड २००३ मध्ये सापडलाय, तसलं काही असेल तर पिल्लं काढणाऱ्यांनी ती जरूर करावी. पण ब्रूनोच्या गाठीतला बिघाड त्याच्या गालात नव्हताच, तो गाठीतच तयार झालेला. गाठीची टेस्ट गाठीवर करायची. हा फरक दवाखान्याच्या भिंतीवर एका कागदावर लिहून लावला तरी लोकांचे पैसे वाचतील.

तुम्ही म्हणाल हे सगळं बेंगळुरू-मुंबईचं, इथं कुठं. इथंच मला सगळ्यात जास्त बोलायचंय. भाचीनं वहीवर काढून दाखवलं की सी-किटची ती टेस्ट कशी करतात. जीनचा तेवढा भाग पीसीआरमध्ये वाढवायचा आणि जेलीसारख्या थरातून विजेच्या जोरावर पळवायचा, लहान तुकडे पुढं जातात, मोठे मागं राहतात. मी म्हटलं अगं ही तर चाळण झाली! डुप्लिकेशन असलं की तुकडा लांब, तो मागं राहतो, नेहमीच्या पट्टीच्या वर आणखी एक पट्टी दिसते. बस्स. पार टेस्टची साधी पद्धत तीच. त्या संसर्गी गाठीची खूण तीच. लघवीच्या बीआरएएफला जरा नाजूक मशीन लागतं, ती पाठवावी लागेल, कबूल. पण बाकीच्या तिन्हीला पीसीआर आणि जेल पुरतं, आणि सुईतून आलेल्या पेशींवर पण होतात, दर वेळी कापायला नको.

आणि पीसीआर आपल्याकडं नाही म्हणू नका हां. २०२० मध्ये सुरुवातीला आमचे स्वॅब बाहेरगावी जायचे, मग बेळगावातच आरटीपीसीआर सुरू झालं, आठवतंय सगळ्यांना, नाकातनं मेंदूपर्यंत काडी. ती मशीनं, ती शिकलेली पोरं कुठं गेली? प्रायमर वेगळे लागतील, कुत्र्याचे नमुने माणसांच्या शेजारी चालतील का हे तज्ज्ञांनी ठरवावं, नसतील चालत तर बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या कुठल्या तरी लॅबमध्ये करा. पण मशीन नाही हे उत्तर आता चालणार नाही.

याच विद्यापीठाचं मुधोळजवळ तिम्मापूरला मुधोळ कुत्र्याचं केंद्र आहे. अभिमान आहे आम्हाला पण, पोस्टानं २००५ मध्ये त्याचं तिकीट काढलं. त्याच २००५ मध्ये टाशा नावाच्या एका बॉक्सर कुत्रीचा सगळा जीनोम वाचून जगासमोर ठेवला गेला, त्यानं कुत्र्यांच्या जीनमधले बिघाड शोधणं पुष्कळ सोपं झालं. तिकडं अमेरिकेत २०१२ पासून तीन हजारावर गोल्डन रिट्रीव्हर जन्मभर नोंदवून बघतायत, कशानं कॅन्सर होतो म्हणून. आपली धनगराच्या मागं पळणारी कारवान म्हणजे मुधोळ कुत्री कुठल्या गाठीनं मरतात याची वही कुणाकडं आहे का? असेल तर दाखवा.

मागणं माझं मोठं नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात काच, रंग आणि फॉर्मालिनच्या बाटल्या ठेवा, रुंद तोंडाच्या, गाठीच्या दहापट फॉर्मालिन मावेल अशा, लोणच्याच्या बरण्या आम्ही लोणच्याला वापरू. कापलेली गाठ मालकानं लिहून "नको" म्हटल्याशिवाय टाकायची नाही. आठवड्यातून एक दिवस ठरवा, निपाणी, चिकोडी, खानापूर, हुक्केरी, अथणी, सगळीकडचे नमुने एका पेटीत गोळा होऊन लॅबला जातील, दुधाची गाडी रोज जाते की प्रत्येक गावात. तीन पीसीआर टेस्ट सुरू करा, दर ठरवून बोर्डावर लावा, फुकट मागत नाही, आणि रिपोर्ट किती दिवसांत मिळेल ते पण त्याच बोर्डावर. मी चोवीस दिवस दर तासाला मोबाईल बघत होते. भटक्या कुत्र्यांच्या गाठींना व्हिन्क्रिस्टिन नसबंदीच्या कामातच धरा.

आणि फॉर्म. सीमाप्रश्न मी इथं काढत नाहीये, तो काढायला खूप लोक आहेत. पण भूल देण्याच्या संमतीपत्रावर मी सही केली ते मला वाचता आलं नाही, आणि अर्जाचं उत्तर शेजारच्या दहावीतल्या पोरानं वाचून दाखवलं, वाचताना त्यालाच वाईट वाटलं. जिथं १५ टक्क्यांच्या वर आमची भाषा बोलणारे आहेत तिथं आमच्या भाषेत पण कागद द्यायचं फार जुनं ठरलेलं आहे. कन्नड राहू दे वर, खाली मराठी छापा, एका पानात दोन्ही मावतात.

डॉक्टरांना एक वेगळं सांगते. तुमच्यातल्या कित्येकांना हे सगळं माझ्यापेक्षा दहापट माहीत आहे, ज्यांनी मला काच दाखवली त्यांच्याकडनंच मला पुढं वाचायची ओढ लागली. सामान मिळत नाही, वेळ नाही, मालक पैसे देत नाहीत, हे पण खरं. मग तुमच्या संघटनेनं हेच खात्याला लिहून द्या, गिरणवालीचा अर्ज निकाली निघतो, तुमचा निघणार नाही इतक्या लवकर. आणि तोवर, मालकाला निदान विचारा तरी, तपासायला पाठवू का म्हणून. नाही म्हणायचं असेल तर तो म्हणेल.

साहेब, अधिवेशनाला डिसेंबरात सगळं सरकार बेळगावात येतं, सुवर्ण विधानसौधपासून आमची निपाणी लांब नाही. त्याच्या आधी लेखी उत्तर द्या, दीड ओळीपेक्षा मोठं. नाहीतर मी परत अर्ज करणार, आणि या वेळी सुभेदार काकाही सही करणार आहेत.

अर्ज, त्याचं उत्तर आणि ब्रूनोचे दोन्ही रिपोर्ट गिरणीत फाइलला लावून ठेवलेत, ज्या डॉक्टरांना बघायचेत त्यांनी या. सकाळी ८ ते १ दळण सुरू असतं, हाक जरा मोठ्यानं मारा.

तुमची,
एक गिरणवाली, निपाणी भाग